गाण्यांनी काय होतं म्हणे

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद आर्थिक निर्बंधांनीच संपला, गाणीबिणी म्हणजे नुसती करमणूक, सरकारला ढिम्म फरक पडत नव्हता आणि गाजवली ती पण लंडनच्या स्टार लोकांनी.

फरक पडत नव्हता? तिथली गायिका मिरियम मकेबा, तिचा पासपोर्ट १९६० ला रद्द केला, ते पण ती आईच्या अंत्यविधीला घरी यायला निघालेली तेव्हा. मग १९६३ ला ती युनोत वर्णभेदाविरुद्ध बोलली तर नागरिकत्व काढून घेतलं, रेकॉर्ड्सवर बंदी, बाई मायदेशी आली थेट १९९० ला. सरकारी रेडिओच्या लायब्ररीत तर नको असलेल्या गाण्यावर टोकदार वस्तूने ओरखडे मारून ठेवायचे, म्हणजे कुणी चुकून (किंवा मुद्दाम) लावलं तरी वाजायला नको. करमणुकीसाठी एवढा उपद्व्याप कोण करतं?

बरं, चाल नाचायला लावणारी असायची हे खरंय. १९५५ पासून जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनमधून काळ्या लोकांना हुसकावून मेडोलँड्स नावाच्या लांबच्या वस्तीत नेऊन टाकायला लागले, त्यावर संगीतकार स्ट्राइक विलाकाझीने गाणं केलं, ऐकायला एकदम 'चला मेडोलँड्सला' टाइप, सरकारी लोक खुश, वाटलं आपलीच जाहिरात, आणि त्याच गाण्यात गल्लीतल्या बोलीत आम्ही इथून हलणार नाही हे पण बिनधास्त म्हटलेलं. वस्ती पाडली ती पाडलीच. गाण्याने बुलडोझर थांबला असं कुणीच म्हणत नाहीये.

लंडनच्या स्टार लोकांचं म्हणाल तर तिथल्या वेम्बली स्टेडियममधला मंडेलांसाठीचा कॉन्सर्ट १९८८ चा. त्याच्या २४ वर्षं आधी, ६ नोव्हेंबर १९६४ ला, वुयिसिले मिनीला प्रिटोरियात फाशी दिलं होतं. पोर्ट एलिझाबेथचा कामगार युनियनचा माणूस, त्याने पंतप्रधान फेरवुर्टला नाव घेऊन सावध राहा म्हणणारं गाणं रचलेलं. (गाण्यासाठी फाशी दिलं असंही काही जण ठोकून देतात, तेही चूक, आरोप घातपाताचे आणि पोलिसांच्या खबऱ्याच्या खुनात सामील असल्याचे होते.)

राहिले निर्बंध. लागले की, मान्य. पण अमेरिकेच्या संसदेने कडक कायदा केला तो १९८६ ला, आणि शार्पव्हिल गावात निदर्शनं करणारी ६९ माणसं पोलिसांनी मारली १९६० ला. मधली २६ वर्षं लोकांना एकत्र कशाने धरून ठेवलं ते फॉरवर्डवाल्याने सांगावं. सभांवर बंदी आली तेव्हा अंत्ययात्रा हीच सभा झाली, १९८५ ला तिथल्या भाषणांवरही निर्बंध घातले, तरी हजारो लोक गातच चालायचे, कारण गाणी सगळ्यांना तोंडपाठ, ना माइक लागायचा ना वक्ता.