दहा हजार किलोमीटर व्हायची वाट बघत बसू नका

‘गाडी फार चालत नसेल तर इंजिन ऑइलवर पैसे घालवू नका. दहा हजार किलोमीटर होऊ द्या, मग वर्षं कितीही लागोत. सिंथेटिक असेल तर बघायलाच नको. काळं पडेपर्यंत ऑइल चांगलंच असतं. फक्त आठवड्यातून एकदा गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवा.’ हा मेसेज फिरत फिरत मामांकडे आला आणि त्यांनी यंदाची सर्व्हिसिंगच रद्द केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते शेवटचं वाक्य घेतो, कारण इंजिनाची वाट तेच लावतं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एका लिटरमागे जवळपास एक लिटर. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइल असतं त्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती परत सिलिंडरात ओढली जाऊन धुराबरोबर बाहेर पडते. थंड असेल तर तिथेच तिचं पाणी होतं. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त सोडलं जातं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून त्याच ऑइलात मिसळतं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा मध्यावर येईलही, पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो आणि गाडी रस्त्यावर चालावी लागते. मेसेजप्रमाणे वागलात तर दर आठवड्याला ऑइलात पाणी-पेट्रोल पडतं आणि ते उडून जायच्या आत तुम्ही चावी फिरवून मोकळे होता.

पटत नसेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. सायीसारखा पिवळट थर दिसला तर तो याच पाण्याचा. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) तपासून घ्या, ते दुखणं वेगळं.) डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही.

किलोमीटरचा मुद्दा तर गाडीच्या मॅन्युअलनेच निकालात काढलाय. बहुतेकांत ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ अशा धर्तीची ओळ असते. आकडे गाडीगणिक वेगळे, पण ‘जे आधी’ हे शब्द असतातच. त्यापुढचं ‘कठीण वापर’ हे पानही वाचा, तशा गाडीचं ऑइल आणखी लवकर बदलायचं असतं. होंडाच्या मॅन्युअलांत तिथे एका खेपेला ८ किलोमीटरपेक्षा कमी चालणारी गाडीही मोडते. ज्यांना आपली गाडी ‘कमी वापरातली’ वाटते, त्यांच्यासाठीच ते पान आहे.

सिंथेटिकबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. ते हवेने आणि उष्णतेने लवकर खराब होत नाही, आणि बारा महिन्यांवर महिनाभर गेला म्हणून इंजिन बसणार नाही. पण पाणी-पेट्रोल सिंथेटिकमध्येही तसंच मिसळतं, आम्ल मारणारी रसायनं त्यातलीही संपतात. रंगाचं म्हणाल तर डिझेल गाडीत नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे.

तेव्हा वर्षातून निदान एकदा ऑइल बदला, फिल्टरसकट. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर उभी करण्याआधी बदला. जुन्या ऑइलातलं आम्ल तेवढे महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. काढायच्या आधी गाडी फिरवून आणा, गरम ऑइल गाळासकट उतरतं. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला, फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमीच ओता, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघत वरच्या खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळून फेस करतो. एरवी पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवा. आणि झाकणाजवळच्या स्टिकरवर किलोमीटरशेजारी तारीखही लिहा.