अभ्यास घ्यायला आईला वाचता यायलाच पाहिजे?

आज लेकीच्या शाळेत पालक सभा होती. घरी येऊन स्वयंपाक उरकला तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

सभा सकाळी अकराला, तीही कामाच्या दिवशी. आमच्या निपाणी भागात, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, अकराला कुठली आई रिकामी असते? कुणी भांगलायला गेलेली, कुणी बिड्या वळत बसलेली, कुणी चार घरची भांडी करणारी. तरी बायका आल्या होत्या, दिवसाचा पगार बुडवून आल्या होत्या. त्यातल्या एकीला बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं. "तिसरीत आहे तुमचा मुलगा, जोडाक्षर आलं की अडतोय. घरी अभ्यास घेत नाही काय?" ती खाली बघून म्हणाली, "बाई, मलाच वाचाय येत न्हाई, मी काय घेणार?" तर म्हणे, "मग ट्यूशन लावा." झालं. पुढचं नाव पुकारलं.

माझं टाळकंच फिरलं. एका बाईला पगार बुडवून बोलवायचं ते चारचौघांत मान खाली घालायला लावण्यासाठी?

माझी आई अंगठा करायची. बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, आणि समोर मी पुस्तक घेऊन. मोठ्यानं वाचायचं, हा तिचा नियम. धडा पाठ झालेला असला की मी धडाधड म्हणून मोकळी व्हायला बघायची. हात न थांबवता ती म्हणायची, "बोट कुठं, तोंड कुठं? परत वाच." अक्षर ओळखत नव्हती, पण बोट एका ओळीवर आणि तोंड दोन ओळी पुढं, हे तिला बरोबर दिसायचं. अडलं म्हणून काहीतरी ठोकून दिलं तर लगेच, "असं कोण बोलतंय व्हय?" भाषा तिची होती, चुकीचं वाक्य तिच्या कानाला खटकायचंच.

पोराला वाचायला शिकताना असं कुणीतरी ऐकणारं लागतं. तिसरीतलं पोर 'रस्त्यात'चं 'रसतात' करतं, तेव्हा मराठी बोलणाऱ्या कुठल्याही आईला कळतं की काहीतरी चुकलं. रोज दहा मिनिटं, हात कामात असले तरी चालतात. एवढंच त्या माउलीला सांगितलं असतं तर ती ताठ मानेनं घरी गेली असती. शेवटी फाटकापाशी गाठून मीच सांगितलं. "भाकरी थापताना ऐकलं तर चालंल?" तिनं विचारलं. चालतंय की!

बाई वाईट नाहीत, हेही लिहिते. एका शिक्षिकेकडं दोन-दोन वर्ग, वर निवडणूक, सर्वेक्षण, अंड्यांचा हिशेब. मान्य. पण त्यांच्या ताणाचा राग सगळ्यात गरीब आईवर निघावा, हे मला मान्य नाही.

आणि कायदा काय सांगतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत. कर्नाटकात तर एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती, २००१ पासून आहे. मग आमच्या सभेत समितीनं बोलावं कशावर? कंपाऊंडचा रंग आणि पंधरा ऑगस्टचा खाऊ. तिसरीतली किती पोरं न अडखळता एक पान वाचतात, हे एकानंही विचारलं नाही. सभेची वही कन्नडमध्ये लिहिलेली, बायकांनी सह्या-अंगठे केले आणि घरी गेल्या. कन्नड यायलाच पाहिजे, इथं राहायचं तर गत्यंतर नाही, माझी लेकही शिकतेय. पण आईकडून अंगठा घेताय तर काय लिहिलंय ते तिला मराठीत वाचून दाखवायला काय जातं?

आपल्या माणसांवर तर जास्त राग येतो. सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा, मराठीसाठी घसा कोरडा करायचा आणि पोरं इंग्रजी शाळेत. इंग्रजीशिवाय नोकरी नाही, हे मलाही कळतं. पण पहिलीतलं पोर इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचतं तेव्हा आई शेजारी बसून नुसती बघत राहते. बरोबर की चूक, तिला कळायची वाटच बंद. माझ्या आईला तुम्ही अशा पुस्तकासमोर बसवलं असतं तर मी आज हे लिहीत नसते.

तिच्यामुळं वाचन मला कधी शाळेपुरतं वाटलंच नाही. कारखान्यातून आली की बिड्यांचं कार्ड माझ्या हातात. किती लिहिल्या? छाट, म्हणजे नापास बिड्या, किती काढली? मी आकडा वाचायचा, ती मनातल्या हिशेबाशी ताडून बघायची. एकदा मी वाचलेला आकडा कमी आला. "नीट बघ," म्हणाली. मी बोट ठेवून परत वाचला, तोच. तशीच उठली, मला घेऊन परत गेली आणि कारकुनासमोर कार्ड धरून मला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं खोडून दुरुस्त केलं. त्या दिवसापासून वाचायचा कंटाळा म्हणून मी कधी केला नाही.

उद्या शाळेत अर्ज देतेय. पालक सभा संध्याकाळी घ्या, ठराव मराठीत वाचून दाखवा, आणि प्रत्येक सभेत पोराला आईशेजारी बसवून एक पान वाचायला लावा, म्हणजे घरी कसं ऐकायचं ते तिला तिथंच दाखवता येईल. खानापूर, चिकोडी, बेळगाव, कुठंही एसडीएमसीवर असलेल्या मैत्रिणींनो, तुमच्या शाळेतही द्या. अर्जाचा मजकूर पाहिजे असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.