आतोले आणि कॉर्नफ्लोअर : एक खुलासा

‘दुधात कॉर्नफ्लोअर आणि कोको घाला, मेक्सिकन चाम्पुर्रादो तयार’ अशी कृती फिरते आहे. ती अर्धीच खरी. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. मेक्सिकोतही घाईच्या वेळी त्याचं आतोले, म्हणजे मक्याचं दाटसर गरम पेय, करतात, त्यात पाप नाही. पण चाम्पुर्रादो हे मुळात ‘मासा’चं, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या वाटणाचं, चॉकलेट घातलेलं आतोले. मासासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात, धुतात आणि वाटतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, नायसिन (ब३ जीवनसत्त्व) अंगी लागतं आणि तो ओल्या मातीसारखा वास येतो. आपल्या भाकरीच्या मक्याच्या पिठावर हा संस्कार झालेला नसतो. त्याचं पेय रवाळच राहतं.

तेव्हा ‘मासा हरिना’ लिहिलेलं पीठ आणा. लिटरभर पाण्याला अर्धा कप पुरे. ते आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. मंद आचेवर ढवळत राहा, चमच्याच्या पाठीवर थर धरला की झालं. तिकडचा पिलोन्सिल्यो नसेल तर गूळ चालतो, दालचिनी मात्र हवीच. फेसासाठी तिकडे मोलिनिल्यो नावाच्या लाकडी घुसळणीने घुसळतात. आपली ताकाची रवी हुबेहूब तेच काम करते.