सरदेसाईंची सरासरी, आयसीसीची तिजोरी आणि पर्वरीचे ६०६ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भारताचे कसोटी फलंदाज दिलीप सरदेसाई यांची थोरवी सांगणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या कारभारात दुबळ्या देशांनाही वर चढायला शिडी मिळावी अशी मागणी करणाऱ्या माझ्या लेखावर आपण म्हापशाहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवलीत, तिला चार ओळींत उत्तर देणे योग्य ठरले नसते. सरदेसाई मडगावचे म्हणून मी त्यांना थोरांच्या पंक्तीत बसवले, एरवी ३० कसोटींत ३९.२३ ही सरासरी मध्यमच, असे आपले म्हणणे आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसीच्या) उत्पन्नातला मोठा वाटा भारताला मिळणे ही लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरून चाललेल्या साहेबी कारभाराची उशिरा झालेली भरपाई असून तिच्यावर भारतीयानेच टीका करावी हे आपल्याला खटकले. दुबळ्या संघांना मोठ्यांच्या रांगेत उभे केल्याने विक्रमांची किंमत उतरते, हे दाखवण्यासाठी आपण गोव्यातल्या पर्वरीत गोव्याच्या दोन फलंदाजांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध केलेल्या ६०६ धावांच्या भागीदारीचा दाखला दिला आहे. माझ्या मते या साऱ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे कोणी कोणाशी आणि किती सामने खेळायचे हे कोण ठरवतो.

सरदेसाई १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरले, तेव्हा मडगाव अजून पोर्तुगीज अमलाखाली होते. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर अठरा दिवसांनी. त्यांची शेवटची कसोटी डिसेंबर १९७२ मधली. मधल्या अकरा वर्षांत त्यांना संघातून वगळलेही गेले, हे खरे आहे. परंतु याच काळात एप्रिल १९६२ ते जानेवारी १९६४, मार्च १९६५ ते डिसेंबर १९६६ आणि डिसेंबर १९६९ ते फेब्रुवारी १९७१ अशा तीन दीर्घ खंडांत भारत एकही कसोटी खेळला नाही. पाकिस्तानशी सामने बंद होते आणि दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. ऐन उमेदीच्या वर्षांत ज्याच्यासमोर सामनेच नव्हते, त्याची आकडेवारी आजच्या फलंदाजाच्या आकडेवारीशेजारी ठेवताना हे रिकामे महिने मोजावेच लागतात.

आणि शेवटच्या खंडानंतर लगेच काय घडले ते पाहा. फेब्रुवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या पहिल्या कसोटीत किंग्स्टनला पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. त्यानंतर भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली असताना सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांबरोबर १३७ धावांची भागी केली, पुढे नवव्या गड्यासाठी प्रसन्नांना हाताशी धरून १२२ धावा जोडल्या आणि स्वतः २१२ काढल्या. भारताच्या ३८७ ला वेस्ट इंडीजने २१७ धावांचे उत्तर दिले. एरवी फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीस लावण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला आणि १५० ची आघाडी पुरेशी ठरली, म्हणून कर्णधार अजित वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीस लावले. सामना अनिर्णित राहिला. मात्र यजमानांचा दबदबा तिथेच ओसरला, असे मी ठामपणे मानतो. त्या मालिकेतल्या गावसकरांच्या ७७४ धावा सर्वांच्या तोंडी आहेत आणि त्या असायलाच हव्यात, पण या पहिल्या कसोटीत दुखापतीमुळे गावसकर नव्हतेच. पोर्ट ऑफ स्पेनला विजय मिळाला तेव्हाही सरदेसाईंचे ११२ होते आणि ब्रिजटाऊनला ६ बाद ७० वरून संघाला सावरणारे १५० त्यांचेच. मालिकेत ६४२ धावा. मी त्यांना थोर म्हटले ते या तीन डावांच्या बळावर, आणि ते कोल्हापुरात किंवा कोलकात्यात जन्मले असते तरी हेच लिहिले असते.

कारभाराच्या इतिहासाबाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. १९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी स्थापलेल्या इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आयसीसीच्या मूळ रूपात, भारताला प्रवेश मिळाला तो १९२६ मध्ये, आणि इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा नकाराधिकार १९९३ पर्यंत टिकून होता. क्रिकेट प्रशासक एन. के. पी. साळवे यांनी १९८७ चा विश्वचषक प्रथमच इंग्लंडबाहेर आणला आणि जगमोहन दालमिया यांनी आयसीसीला पैसा मिळवायला शिकवले, याचा अभिमान मलाही आहे. माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वाटणीनुसार २०२४ ते २०२७ या काळात आयसीसीच्या वितरणातला सुमारे ३८.५ टक्के वाटा भारतीय मंडळाला मिळतो आणि नव्वदीच्या वर असलेल्या, कसोटी दर्जा नसलेल्या सर्व सहसदस्य देशांना मिळून ११ टक्क्यांच्या आसपास. प्रेक्षक आपले, जाहिराती आपल्या, म्हणून पैसाही आपला, हा आपला युक्तिवाद हिशेबाला धरून आहे. पण सामन्याला दोन संघ लागतात. १९७५ आणि १९७९ चे विश्वचषक जिंकणारा वेस्ट इंडीजचा संघ २०२३ च्या विश्वचषकाला पात्रही ठरला नाही, आणि तिथले मंडळ आपल्या गुणी खेळाडूंना लीगच्या तोडीचे मानधन देऊ शकत नाही, हे त्यामागचे एक उघड कारण आहे. साहेबाने अडवलेली दारे उघडायला आपल्या माणसांनी जी झुंज दिली, ती दारे इतरांसाठी तशीच अर्धवट लोटलेली राहावीत यासाठी नव्हती.

दुबळ्यांच्या दर्जाविषयी इतिहास फार स्पष्ट बोलतो. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली आणि पहिला विजय १९५२ मध्ये मिळवला. न्यूझीलंडला १९३० पासून १९५६ पर्यंत थांबावे लागले आणि त्याच्या आदल्याच वर्षी तो संघ इंग्लंडविरुद्ध २६ धावांत बाद झाला होता. त्यांचा दर्जा कोणी काढून घेतला नाही. श्रीलंकेला पूर्ण सदस्यत्व मिळाले ते १९८१ मध्ये. ऑक्टोबर १९८९ मध्ये फातोर्ड्याला गोव्यातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला तो ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यात, आणि त्यातला दुबळा मानला जाणारा संघ १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियालाच हरवून विश्वविजेता झाला. अफगाणिस्तान २०१८ मध्ये बंगळुरूच्या पहिल्या कसोटीत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, याची आठवण आपण करून दिलीत. पुढच्याच कसोटीत, मार्च २०१९ मध्ये, त्यांनी डेहराडूनला आयर्लंडला हरवले, तेही मी त्याच्याशेजारी ठेवतो. तरीही अफगाणिस्तान, आयर्लंड आणि झिंबाब्वे हे तिन्ही पूर्ण सदस्य २०१९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक कसोटी स्पर्धेबाहेर ठेवले गेले आणि कितीही चांगले खेळले तरी आत येण्याची वाट त्यांना आखून दिली गेली नाही.

राहता राहिली पर्वरीची भागीदारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, गोवा २ बाद ७२७ आणि अरुणाचल ८४ व ९२. सामना एकतर्फी होता हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत आला तोच १९८५-८६ च्या हंगामात, आणि तोवर मडगावच्या मुलाला मोठे क्रिकेट खेळायचे तर सरदेसाईंप्रमाणे मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय रणजी स्पर्धेच्या ज्या प्लेट गटात, म्हणजे दुबळ्या संघांच्या खालच्या गटात, त्या ६०६ धावा झाल्या, त्याचीच रचना माझ्या बाजूने साक्ष देते. गोव्याने त्याच हंगामात अंतिम सामन्यात नागालँडला हरवून प्लेट गट जिंकला आणि तो वरच्या एलिट गटात गेला. म्हणजे भारतीय मंडळ आपल्या घरात दुबळ्या राज्यांना खेळायला जागा देते आणि जिंकल्यास वर चढवते. आयसीसीच्या दुबईतल्या बैठकांत सर्वांत वजनदार आवाज याच मंडळाचा आहे. गोव्याला, नागालँडला जी शिडी त्याने दिली, तीच नेपाळला, नेदरलँड्सला आणि आयर्लंडला मिळावी असा प्रस्ताव त्याने मांडावा, एवढीच माझ्या लेखातली मागणी होती, आणि आपली प्रतिक्रिया दोनदा वाचूनही ती मागे घेण्यासारखे काही मला तीत आढळले नाही.