मोबाइलवरचं हिरवंगार शेत

शेती करायचं डोक्यात आलं की माणूस आधी पांघरुणात शिरतो आणि मोबाइल उघडतो. मीही त्यातलाच. तासाभरात सत्तावीस टॅब उघडे, आणि प्रत्येकात एक टोपीवाला कमरेएवढ्या पिकात उभा राहून 'मित्रांनो' म्हणत असतो. मागचं पीक इतकं टवटवीत, की कीडसुद्धा त्याला विचारून येत असावी.

'मित्रांनो' ऐकलं की मी आधी एकक बघतो. 'नत्र १०० किलो' एवढंच सांगून टोपीवाला पुढे सरकतो. युरियात नत्र ४६ टक्केच, म्हणजे युरिया लागला २१७ किलो, तोही हेक्टरला. एकरी हिशेब ८८ किलोचा. नवशिक्या एकरातच २१७ किलो ओततो, मग पीक नुसतं पानांनी माजतं, मावा नावाची कीड पंगतीला बसते आणि जोराचा वारा सुटला की सगळं आडवं.

'सॉइलग्रिड्स' हा जगभरच्या मातीचा नकाशा फुकट आणि खरोखर कामाचा. पण त्याचा एक चौकोन २५० मीटर बाय २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टर. त्यात आपला एकर कुठे शोधायचा? तेव्हा प्रयोगशाळेत तपासायला मातीचा नमुना घेणं चुकत नाही. नागमोडी चालत दहा-पंधरा जागी पालापाचोळा बाजूला सारायचा, खाली निमुळता होणारा १५ ते २० सेंटिमीटरचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाड चकती वरपासून खालपर्यंत कापायची. बादली प्लास्टिकचीच. जस्ताचा मुलामा असलेली घेतली तर अहवालात बादलीचंच जस्त येतं. सगळी माती एकत्र करून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती नको, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तरी ऊन लागलं की माणूस नेमका झाडाखालीच खोदतो.

खरी फजिती ठिबकची. नळ्या ६० सेंटिमीटरवर, ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, ३० सेंटिमीटरवर, असं गणकयंत्रात टाकलं की एकराला साधारण २२,५०० ड्रिपर निघतात. आकडा बघून छाती फुगते. प्रत्येकी तासाला ४ लिटर धरले, तर लागले ९०,००० लिटर. आता पंपाखाली २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. भरायला १० सेकंद लागली, तर तासाला ७,२०० लिटर. म्हणजे एका वेळी १,८०० ड्रिपर. एकराचे तेरा भाग पाडून पाळी लावायची. सगळे कॉक एकदम उघडले, तर पहिल्या ओळी पोहतात आणि शेवटच्या ओळींना नुसता पंपाचा आवाज पोहोचतो. बादली धरायची ती ऐन उन्हाळ्यात. पाऊसकाळात सगळ्याच विहिरी उदार.

मागच्या हवामानाला 'नासा पॉवर' हे नासाचं फुकट संकेतस्थळ बरं. १९८१ पासूनचं रोजचं तापमान मिळतं, आणि झालेल्या गोष्टीबद्दल, उद्याचा अंदाज सांगणाऱ्या दोन ॲपसारखं भांडण नसतं.

बी मात्र घरीच तपासा. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं वाळू देऊ नका, पिकानुसार ठरलेल्या दिवशी कोंब मोजा. शिफारस ९० टक्के उगवण धरून १० किलोची असेल आणि तुमचे सत्तरच उगवले, तर जवळजवळ १३ किलो पेरा. टोपीवाल्याचे शंभरच्या शंभर उगवतात; एकशेएकावा दाखवत नाही, हा त्याचा विनय.