ते नाणं १९४८चं नाही, आणि तरीही ते जपा

नमस्कार,

लालबागहून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. गांधीजींच्या चांदीच्या दहा रुपयांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांनी गिरणीच्या पगारातून ठेवलेलं हे नाणं १९४८चं आहे, मोबाईलवर अशा नाण्याला पाच लाख मिळतात असं दाखवतात, आणि मी ‘बहुतेक वेळा चांदीच्या भावातच जातं’ असं लिहून डीलर लोकांची तळी उचलतो. शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सन. नाण्यावर १८६९–१९४८ असं आहे, ती गांधीजींच्या जन्माची आणि मृत्यूची वर्षं. नाणं पाडलं १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, आणि हा आकडा नाण्यावर कुठेच नाही. त्यामुळे हा घोळ घरोघरी होतो. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी आलेलीच नव्हती. ती १९५० पासून सुरू झाली.

आता चांदी. नाण्याचं वजन १५ ग्रॅम, त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. किलोचा भाव एक लाख धरला तर बाराशे रुपये. आजचा भाव बघून हा हिशेब तुम्हीच करा. झवेरी बाजारात सराफ टंच (म्हणजे चांदीची शुद्धता) बघून आणि वितळवताना होणारी घट धरून याहून थोडे कमीच देईल. हा झाला तळाचा भाव. तुम्ही लिहिता की घरात १९७२चं ‘याहून मोठं, म्हणजे भारी’ दहा रुपयांचं नाणंही आहे. ते साडेबावीस ग्रॅमचं असलं तरी चांदी निम्मीच, सव्वाअकरा ग्रॅम. हातात जड लागतं, पण चांदी लहान नाण्यापेक्षा कमी. आणि १९७४च्या दहा रुपयांत तर चांदी अजिबात नाही, ते तांबं-निकेलचं.

चुंबकाला चिकटत नाही म्हणून चांदी, हेही पुरेसं नाही; तांबं-निकेलही चिकटत नाही. त्यापेक्षा पाण्याची परीक्षा घ्या. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. १५ ग्रॅमचं खरं नाणं असेल तर काटा दीड ग्रॅमच्या आसपास थांबेल. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल असेल तर पावणेदोनकडे सरकेल. नाण्याला ओरखडासुद्धा पडत नाही.

चांदीच्या वर जे पैसे मिळतात ते कुठे पाडलं आणि कसं राहिलं यावर. सनाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर नाणं मुंबईचं, आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतलं. ही लाखोंच्या संख्येने पाडली गेली, म्हणून दुर्मिळ नाहीत. खूण नसेल तर कलकत्त्याचं, ती त्यामानाने कमी. आणि इंग्रजी ‘बी’ अक्षर असेल तर ते संग्राहकांसाठी वेगळं पाडलेलं प्रूफ नाणं. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि त्याचा भाव सरळ वेगळा. हा फरक मी मूळ लेखात लिहायला हवा होता. ‘बहुतेक’ म्हणून मोकळा झालो, ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खुपलं: आई दर लक्ष्मीपूजनाला हे नाणं रांगोळीने घासून लख्ख करते. नाणं टेबललॅम्पखाली तिरकं धरा. गांधीजींच्या गालावर आणि मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. संग्राहक सगळ्यात आधी तेच बघतो. त्याने चांदी फारशी कमी होत नाही म्हणा, पण न वापरलेल्या नाण्याचा भाव गेला तो परत येत नाही. काळपट पडलेलं चालतं, घासलेलं नाही. अक्षरांच्या खाचेत हळद-कुंकू बसलं असेल तर सुईने काढू नका.

पाच लाखांचं सांगतो. दुकानदाराने मागितलेला आकडा आणि कोणी प्रत्यक्ष मोजलेले पैसे यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, मग नाणं घेतो’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क आणि कर मागणारे लोक आहेत. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. वडिलांच्या ठेवीपायी तुमच्याच खिशातले पैसे जावेत, हे मला बघवणार नाही. डीलरकडून मी आजवर एक पैसा घेतलेला नाही.

सनाखालचा भाग उजेडात, जवळून टिपलेला फोटो इथेच टाका, पाण्यातला आकडाही कळवा. मी दोन्ही बघून उत्तर देतो. तोवर येत्या लक्ष्मीपूजनाला नाणं पाटावर जरूर ठेवा, फक्त आईंना सांगा, रांगोळी पाटाभोवतीच काढायची.