आईने स्वतःसाठी काही सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

मुले थोडी मोठी झाली की काही मातांच्या मनात गाणे शिकावे, अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करावी, पोहायला शिकावे किंवा गेला बाजार सायकल तरी चालवावी असे अविचार डोकावू लागतात. अशा मातांसाठी हे चार हिताचे शब्द लिहीत आहे. हे विचार बहुधा दुपारी, ओटा पुसून झाल्यावर येतात, असे माझे निरीक्षण आहे. त्यावर उत्तम उपाय म्हणजे लगोलग एखादा माळा आवरायला काढावा. संध्याकाळपर्यंत पाठ धरते आणि महत्त्वाकांक्षा आपोआप उतरते.

हा सल्ला देण्याचा अधिकार मला नुकताच प्राप्त झाला आहे. गेल्या सत्रात मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची ‘मध्यमा प्रथम’ ही परीक्षा दिली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीने मला ‘काकू, तुम्ही कोणाला घेऊन आलात?’ असे विचारले आणि मी प्रवेशपत्र दाखवल्यावर आपल्या डबीतली खडीसाखर पुढे केली. या सबंध प्रकरणात तिच्याइतके समजूतदार वर्तन दुसऱ्या कोणाकडून घडले नाही. त्याच संध्याकाळी नात्यातल्या एका सत्यनारायणाला गेले असता प्रसादाचा द्रोण हातात देता देता एका ज्येष्ठ मावशींनी विचारले, ‘अगं, यंदा दहावी ना चिरंजीवांची? मग हे गाण्याचं काय काढलंस मध्येच?’ आजूबाजूच्या बायका उत्तर ऐकण्यासाठी खायच्या थांबल्या. दहावीच्या त्या चिरंजीवांचे वडील पाचेक फुटांवर बसून आपल्या अर्धमॅरेथॉनच्या नव्या बुटांची किंमत कोणाला तरी सांगत होते. त्यांना मात्र कोणीही काही विचारले नाही.

तेव्हा पहिली आणि मूलभूत खबरदारी अशी की, घर पूर्णपणे मार्गी लागल्याशिवाय आईने स्वतःचे काही हाती घेऊ नये. मार्गी लागलेले घर कसे ओळखावे? ज्या घरात मटकीला वेळेवर मोड आलेले आहेत, इस्त्रीचे कपडे मोजून ठेवलेले आहेत, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधीच नव्या आलेल्या आहेत, गॅसचा नंबर लावलेला आहे आणि शाळेच्या ग्रुपवर रात्री दहा वाजता मागितलेला निळा घोटीव कागद कपाटात आधीपासून हजर आहे, ते घर मार्गी लागले असे समजावे. असे घर आजवर कोणी पाहिलेले नाही, हीच या नियमाची खरी खुबी आहे.

दुसरे म्हणजे, जे करायचे ते थोरच करावे, नाहीतर करूच नये. मेरी कोमला २००७ साली जुळे मुलगे झाले आणि २००८ साली ती पुन्हा जगज्जेती झाली. मोगूबाई कुर्डीकरांनी अकाली वैधव्य आल्यावर तीन मुलांना वाढवत मैफिली गाजवल्या. ही उदाहरणे घरोघर फार उपयोगी पडतात. आई स्वस्थ बसलेली असेल तेव्हा ती ‘जिद्द असली की सगळे जमते’ म्हणून ऐकवावीत, आणि तिने पेटीवरचे फडके काढले की ‘तू काय आता मोगूबाई होणार आहेस?’ म्हणून तीच उदाहरणे परत फेकून मारावीत. आईला थोर होण्याची परवानगी आहे, कारण त्याने घराण्याचे नाव होते. तिला सामान्य राहून काही करण्याची परवानगी मात्र कोणी देत नाही. बापमंडळी कोणाच्याही वाढदिवसाला माइक हातात घेऊन बिनदिक्कत बेसूर होतात आणि लोक टाळ्या वाजवतात. ‘आधी नीट शिका, मग गा’ असे त्यांना कोणी सांगितल्याचे मला तरी आठवत नाही.

मला झपतालाची दुगुण, म्हणजे दुप्पट लय, हातावर टाळी देत म्हणताना अजूनही अडखळायला होते. दहा मात्रांत वीस बोल बसवायचे असतात, सहाव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात, दाखवायची असते, आणि नेमके तिथेच ठेक्याचे दुसरे आवर्तन ‘धी ना’ने सुरू होत असल्यामुळे समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, भास होऊन हात टाळीच देतो. परीक्षकांनी ते पाहिले, ‘पुन्हा म्हणा’ म्हणाले, मी पुन्हा म्हटले आणि हात पुन्हा तसाच पडला. त्यांनी शांतपणे दोन गुण कापले असतील. आभाळ काही कोसळले नाही. शाळेच्या वर्गात असल्यासारखी कोणी माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सहीही मागितली नाही.

क्लासची फी भाजीच्या हिशेबात मुरवावी.

रियाज शक्यतो मनातल्या मनात करावा.

आता दहावी. या विषयावर थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. महाराष्ट्रात दहावीला मूल बसते, असा एक गैरसमज आहे. दहावीला आई बसते. वर्षभर लग्नकार्ये टाळते ती, टीव्हीचे कनेक्शन काढते ती, बदाम भिजत घालते ती, आणि चिरंजीव रात्री भूमिती वाचत असताना शेजारच्या खुर्चीत पेंगते तीही तीच, कारण आई जागी असली की प्रमेये लवकर पाठ होतात असा शोध कोणी तरी लावून ठेवला आहे. निकाल चांगला लागला तर पोरगा ‘बापाच्या वळणावर गेला’, आणि गुण घसरले तर ‘आईचे लक्ष नव्हते’. सरकारही या शोधाशी सहमत असावे. केंद्र सरकारच्या सेवेतल्या स्त्रीला सबंध नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि ती मुलांच्या परीक्षांसाठीही घेता येते. पुरुषालाही ती मिळते, पण तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित असेल तरच. म्हणजे पोराच्या प्रमेयांसाठी घरी बसण्याची एखाद्या बापाला इच्छा झालीच, तर आधी त्याला बायको नसावी लागते! आणि ज्याला बायको आहे तो काय करतो? तो पहाटे साडेचारला उठून धावायला जातो, जाताना दिवे लावतो, आल्यावर केळे आणि अंडी मागतो, आणि त्याला घरात शिस्त म्हणतात. त्याच घरात संध्याकाळी सात ते आठ तानपुऱ्याचे ॲप लागले की त्याला अभ्यासातला व्यत्यय म्हणतात. हा व्यत्यय नक्की कोणाला होतो? माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. कानात हेडफोन अडकवून अभ्यास करणाऱ्या मुलाला षड्ज ऐकू येत नाही. त्याला मोबाइलची बिघडलेली स्क्रीन स्वतः बदलता येते, रात्री एक वाजता आवाज न करता मॅगी करता येते, पण दुपारी बारा वाजता वरण गरम करता येत नाही. परीक्षेच्या वेळी माझा फोन बंद होता, तेवढ्या वेळात घरून आलेले संदेश मी नंतर रिक्षात बसून वाचले. पांढरे मोजे कुठे आहेत? वरण कोणत्या पातेल्यात आहे? वॉशिंग मशीन मध्येच का थांबले? आणि शेवटी यजमानांचा, ‘राहू दे, बाहेरून मागवतो, तुझं चालू दे.’ या ‘चालू दे’मधल्या औदार्यावर एक विलंबित ख्याल सहज बांधता येईल.

आणखी एक पथ्य म्हणजे आईने आकडेवारी वाचू नये, पित्त वाढते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये कोण आपला वेळ कशात घालवतो याचे देशभर सर्वेक्षण केले, तेव्हा घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटे देत होते. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत आमची कशीबशी दहा मिनिटे सुटली, तर पुरुषांनीही लगेच आपली नऊ काढून घेतली. स्त्री-पुरुष समानतेचा इतका चोख हिशेब दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

आता हे सल्ले पुरेत, कारण माझ्याच्याने पुढे हसून लिहवत नाही. मावशी, तुम्ही मला विचारलेला प्रश्न काळजीपोटी नव्हता. तुम्हाला स्वतःला चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी असेच अडवले असणार, आणि ते व्याज तुम्ही आता माझ्याकडून वसूल करत आहात. ते मी देणार नाही. आणि द्रोण हातात धरून उत्तराची वाट पाहणाऱ्या माझ्या बरोबरीच्या बायकांनो, तुमचे काय? तुमच्यातल्या एकीने बी.एड.चा अर्ज दोनदा भरून मागे घेतला आहे, दुसरीची शिलाई मशीन सात वर्षे चादरीखाली आहे, आणि तरीही माझी फजिती ऐकायला तुम्ही कान टवकारता. थोडी लाज वाटू द्या. घर नीट लागेल, वजन उतरेल, मूल मार्गी लागेल, मग बघू, असे म्हणत बसलात तर दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर प्रवेश येतात, मग सून येते आणि मग गुडघे येतात. वाईट येत असले तरी करा. मला द्वितीय श्रेणी मिळाली तरी मी पुढच्या सत्राचा अर्ज भरणार आहे, आणि तो भरताना घरात कोणाचीही परवानगी मागणार नाही.

राहता राहिले घरातले पुरुष. ‘मी तिला कधी नाही म्हणत नाही’ असे चारचौघांत सांगणे आधी बंद करा, कारण हो म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नव्हता. वरण स्टीलच्या झाकणाच्या पातेल्यात असते. मोजे खालच्या खणात असतात, लग्न झाल्यापासून तिथेच आहेत, आणि सापडत नसतील तर तसेच जा.